शेजार विकून आणलेला पैसा: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं बिघडलेलं गणित

वॉशिंग्टन राज्यातलं पुलमन आणि आयडाहो राज्यातलं मॉस्को. दोन गावांतलं अंतर १३ किलोमीटर, मध्ये राज्याची रेषा. दोन्हीकडे एकेक सरकारी विद्यापीठ. इकडचा माणूस तिकडे कामाला, तिकडचा इकडे बाजाराला. निपाणी-कागलच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

ही दोन्ही विद्यापीठं एकेकाळी एकाच क्रीडा गटात होती. १९५९ मध्ये तो गट मोडला. मोठ्या शहरांतल्या पाच विद्यापीठांनी आपला वेगळा गट केला आणि बाकीच्यांना बाहेर ठेवलं. पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाला तीन वर्षांनी, १९६२ मध्ये आत घेतलं. मॉस्कोच्या आयडाहो विद्यापीठाला कधीच घेतलं नाही. पुढं साठेक वर्षं पुलमन मोठ्या गटात आणि मॉस्को छोट्या गटात, असं चाललं.

२०२३ च्या उन्हाळ्यात पाळी पुलमनची आली. १२ विद्यापीठांच्या पॅक-१२ या गटातून एकामागून एक १० जण निघून गेले. मागं उरले दोघं: पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन राज्यातल्या कॉर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट. दोन्ही छोट्या गावांतली, शेतकी शिक्षणाची परंपरा असलेली सरकारी विद्यापीठं. आणि दोघंही असेच, ज्यांना १९५९ मध्येही सुरुवातीला बाहेर ठेवलं होतं.

खेळाच्या पानावरची ही बातमी मुळात पैशाची आणि अंतराची आहे. ते कसं, ते जरा सविस्तर बघू.

गट म्हणजे काय, आणि तो कशासाठी होता

अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंगावर धावून जाऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांवरून त्याची कल्पना येणार नाही. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १ लाख ७ हजारांवर माणसं बसतात. आपल्या अहमदाबादच्या क्रिकेट मैदानाची क्षमता १ लाख ३२ हजार, पण ते सगळ्या देशाचं मैदान. मिशिगनचं मैदान एका विद्यापीठाचं आहे.

सामन्याच्या दिवशी सकाळपासून लोक पार्किंगमध्ये शेगड्या पेटवतात, मांस भाजतात, आजोबा-मुलगा-नातू एकाच रंगाचे शर्ट घालून बसतात. ज्यांनी त्या विद्यापीठात पाऊलही टाकलेलं नाही असे आसपासचे शेतकरी, दुकानदार, ड्रायव्हर हेही 'आमची टीम' म्हणतात. गावच्या जत्रेसारखाच प्रकार. छोट्या गावात वर्षातले असे सहा-सात शनिवार हॉटेलवाल्याचा, पेट्रोल पंपवाल्याचा मोठा धंदा असतो.

या सामन्यांचं वेळापत्रक कॉन्फरन्स ठरवते. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांविरुद्ध दरवर्षी खेळायचं ठरवलेल्या विद्यापीठांचा गट. हे गट शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बनले तेव्हा त्यामागं साधा हिशेब होता: रेल्वेनं जाऊन परत येता येईल असा शेजारी. बिग टेन हा गट १८९६ चा, मध्य-पश्चिमेतल्या राज्यांचा. पॅसिफिक किनाऱ्याचा गट १९१५ चा. शेजार असल्यामुळे दोन गोष्टी आपोआप मिळायच्या. प्रवासाचा खर्च कमी, आणि पाहुण्या संघाबरोबर त्याचे पाठीराखेही गाडी काढून यायचे. म्हणजे खर्च आणि गर्दी ही दोन्ही गणितं अंतरावर बसवलेली होती.

टीव्हीनं हिशेब बदलला

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था एनसीएए हिनं टीव्हीवर मर्यादा घातल्या. घरात बसून सामना दिसला तर माणूस मैदानावर येणार नाही, ही भीती उघड बोलली जात होती. कोणत्या विद्यापीठाचा सामना किती वेळा दाखवायचा हे संस्था ठरवायची.

ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या दोन विद्यापीठांनी त्याला आव्हान दिलं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ अशा मतांनी एनसीएएची ही पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवली. त्या दिवसापासून प्रक्षेपणाचे हक्क विकण्याचं काम विद्यापीठांच्या आणि त्यांच्या गटांच्या हातात आलं.

आता गटाचं काम बदललं. तो वेळापत्रक करणारा मंडळाचा कारभार राहिला नाही, हक्क विकणारा व्यापारी झाला. बिग टेननं २००७ मध्ये स्वतःचं चॅनेलच सुरू केलं. केबलच्या जमान्यात ज्या राज्यात गटाचं विद्यापीठ, त्या राज्यातल्या प्रत्येक जोडणीमागं चॅनेलला जास्त पैसे मिळायचे. म्हणून २०१४ मध्ये मेरीलँड आणि न्यू जर्सीचं रटगर्स यांना गटात घेतलं. त्यांचा खेळ फार मोठा होता असं नाही. वॉशिंग्टन शहर आणि न्यूयॉर्कच्या आसपासची घरं मोठ्या संख्येनं होती.

थोडक्यात, गटाची किंमत ठरवणारा माणूस बदलला. पूर्वी तो मैदानाच्या बाकावर बसायचा. आता तो सोफ्यावर बसतो, आणि तो हजार मैल लांब असला तरी चालतो.

चौदा महिन्यांत मोडलेला गट

३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी, यूएससी आणि यूसीएलए यांनी, पॅक-१२ सोडून बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. दीड-दोन महिन्यांत बिग टेननं फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरच्या वरचा करार केल्याच्या बातम्या आल्या.

लॉस एंजेलिसची बाजारपेठ गेल्यावर पॅक-१२ ची विक्रीची वस्तूच अर्धी झाली. वर्षभर नवा करार जमला नाही. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडोनं बिग-१२ ची वाट धरली. ४ ऑगस्टला एकाच दिवशी ओरेगन आणि सिअॅटलचं वॉशिंग्टन बिग टेनकडे, तर अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि युटा बिग-१२ कडे गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स म्हणजे एसीसीत जायचं ठरवलं. पॅसिफिकच्या काठावरची दोन विद्यापीठं अटलांटिक किनाऱ्याच्या गटात! नावांचं तर बोलूच नका. बिग टेनमध्ये आता १८ विद्यापीठं आहेत, बिग-१२ मध्ये १६.

गेले ते सगळे मोठ्या वाट्यासाठी गेले, असंही नाही. ओरेगन आणि वॉशिंग्टननं सुरुवातीची वर्षं जुन्या सदस्यांच्या साधारण निम्म्या वाट्यावर समाधान मानलं. स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशाचा ३० टक्केच वाटा घ्यायचं कबूल केलं. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठानं तर नऊ वर्षं टीव्हीचा एक डॉलरही न घेता एसीसीत प्रवेश केला. श्रीमंत माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर ती वर्षं काढायची, असा त्यांचा हिशेब. तोटा सोसूनही आत राहायचं, कारण बाहेर राहिलो तर पुलमन होईल, ही भीती.

खर्चाची बाजू

आत गेल्यावर खर्च काय होतो बघा. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीच्या रटगर्सला जायचं अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. स्टॅनफर्डहून बॉस्टन कॉलेजला सुमारे ४,३००. आपल्या देशाची काश्मीर ते कन्याकुमारी लांबीच ३,२१४ किलोमीटर आहे.

फुटबॉल संघाला याचा त्रास कमी. तो वर्षातून बारा सामने खेळतो, तेही बहुतेक शनिवारी, आणि खास विमानानं जातो. पण तोच गट व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल (आपण खेळतो तो) या सगळ्यांना लागू होतो. या मुली-मुलांचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवशीही असतात. तीन तासांचा वेळेचा फरक, रात्री उशिरा परत, सकाळी वर्ग. ज्या खेळांना टीव्हीचे पैसे नाहीत त्यांना टीव्हीच्या कराराचा प्रवास करावा लागतो.

यूसीएलएच्या क्रीडा विभागाची तूट २०२२-२३ या वर्षात ३ कोटी ६६ लाख डॉलर होती. २०२३-२४ मध्ये ती ५ कोटी १८ लाखांवर गेली. म्हणजे यूसीएलए गटातून गेली ती हौसेनं नाही, खड्डा भरायला गेली. त्यात आणखी एक गंमत. यूसीएलए आणि बर्कली ही एकाच राज्य व्यवस्थेतली भावंडं. एकानं घर सोडल्यानं दुसऱ्याचं नुकसान झालं म्हणून विद्यापीठांच्या नियामक मंडळानं यूसीएलएला हुकूम केला: तीन वर्षं बर्कलीला दरवर्षी १ कोटी डॉलर द्या. तिथले लोक त्याला गमतीनं पोटगी म्हणतात.

दुसरा मोठा खर्च खेळाडूंचा, आणि तो योग्यच आहे. वर्षानुवर्षं प्रशिक्षकांना कोट्यवधी मिळायचे आणि खेळणाऱ्या पोरांना शिष्यवृत्तीपलीकडे काही घ्यायला बंदी होती. टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा काम न करण्याबद्दल त्यांना ७ कोटी ५० लाख डॉलरहून जास्त देणं निघालं! जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. मग ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली. आधीच्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर, आणि २०२५-२६ पासून प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटा द्यायची परवानगी.

परवानगी म्हटलं तरी ती सक्तीसारखीच आहे. शेजारचा देतो आणि आपण देत नाही म्हटल्यावर चांगला खेळाडू जातो. शिवाय विद्यापीठ बदलण्याचे नियमही सैल झालेत. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक जॉन मटीर २०२४ चा हंगाम गाजवून ओक्लाहोमाला गेला. प्रशिक्षक जेक डिकर्टही दुसरीकडे गेले. ओरेगन स्टेटचा महिला बास्केटबॉल संघ २०२४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठात पोचला होता. गट मोडल्यावर त्यातल्या बऱ्याच प्रमुख खेळाडू निघून गेल्या.

मग हा पैसा आणायचा कुठून? जून २०२५ मध्ये वॉशिंग्टन स्टेटनं अॅथलेटिक्समधले फेकीचे आणि उडीचे प्रकार बंद केले, भर लांब पल्ल्याच्या शर्यतींवर ठेवला. हे आपल्यालाही लांबचं नाही. आपला उंच उडीपटू तेजस्विन शंकर शिष्यवृत्तीवर कॅन्सस स्टेट विद्यापीठात गेला, तिथं त्यानं २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएएचं विजेतेपद मिळवलं. अशी दारं उघडी असतात ती फुटबॉलच्या पैशावर. तो पैसा फुटबॉलच खाऊ लागला की पहिली कात्री उंच उडीलाच लागते.

रिकाम्या खुर्च्या

आता मैदानाकडे येऊ. सगळीकडे मैदानं ओस पडलीत असं म्हणणं खोटं ठरेल. ओरेगननं बिग टेनच्या पहिल्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ओहायो स्टेटला ३२-३१ असं हरवलं तेव्हा त्यांच्या मैदानात ६० हजारांच्या वर विक्रमी गर्दी होती. त्या वर्षी गटाचं विजेतेपदही त्यांनीच घेतलं. जिंकणाऱ्याकडे आणि मोठा पाहुणा येणार असेल तिथं गर्दी होतेच.

प्रश्न बाकीच्यांचा आहे. यूसीएलए १९८२ पासून पासाडेनाच्या रोझ बोलमध्ये खेळते. मैदान जवळपास ९० हजारांचं, विद्यापीठापासून चाळीसेक किलोमीटर लांब, आणि मध्ये लॉस एंजेलिसची वाहतूक. २०२५ च्या हंगामात तिथल्या बऱ्याच सामन्यांत निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या दिसल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये पासाडेना शहर आणि मैदान चालवणारी कंपनी यांनी यूसीएलएविरुद्ध दावा दाखल केला. त्यांचं म्हणणं, २०४४ पर्यंतचा करार असताना विद्यापीठ इंगलवुडच्या चकचकीत सोफाय स्टेडियमकडे जायच्या खटपटीत आहे. शहरानं याच कराराच्या भरवशावर मैदानाच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढलेलं. गट सोडताना जो हिशेब केला, तोच हिशेब आता मैदानाला लागू होतोय: जिथं पैसा जास्त तिथं जायचं. मागं राहणाऱ्याच्या कर्जाचं काय, हा प्रश्न मागं राहणाऱ्यानं सोडवायचा.

गर्दी कमी होण्याची कारणं एकाच खात्यावर टाकता येत नाहीत. हरणारा संघ, महाग तिकीट, घरातला मोठा टीव्ही ही सगळी आहेत. चांगल्या जागेच्या हंगामी तिकिटासाठी अनेक ठिकाणी आधी क्रीडा निधीला देणगी द्यावी लागते. पूर्वी त्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर करात सवलत मिळायची, २०१७ च्या करकायद्यानं ती गेली. पण गट बदलल्यामुळे दोन कारणं नव्यानं वाढलीत.

एक, सामन्याची वेळ टीव्हीवाले ठरवतात, आणि ती अनेकदा बारा दिवस, कधी सहाच दिवस आधी कळते. तीनशे किलोमीटरवरून गाडी घेऊन येणाऱ्या कुटुंबाला सामना दुपारी आहे की रात्री साडेसातला, हे आधी माहीत नसेल तर त्यानं खोली कशी बुक करायची? दोन, पाहुण्यांचे पाठीराखे येत नाहीत. रटगर्सचे किती लोक चार हजार किलोमीटर उडून येणार? पूर्वी बर्कली किंवा अॅरिझोना आले की त्यांची माणसं यायची. लॉस एंजेलिसमध्ये राहणारे त्यांचे माजी विद्यार्थी मुलाबाळांसह मैदान भरायचे. तो शेजार विकला गेला.

यात टीव्हीचंही नुकसान आहे, हे विसरू नका. रिकाम्या बाकांपुढं चाललेला सामना घरी बघायलाही मजा येत नाही. टीव्ही जे विकतो त्यात मैदानातला आवाजही असतो.

रेषेपलीकडचा शेजारी

शेजार म्हणजे नक्की काय, हे कॅन्सस आणि मिझुरी या दोन राज्यांकडे बघून कळतं. त्यांच्या लढतीला कित्येक वर्षं 'बॉर्डर वॉर' म्हणत. हे नाव उगाच नव्हतं. १८५० च्या दशकात कॅन्ससमध्ये गुलामगिरी चालू द्यायची की नाही यावरून या सीमेवर रक्त सांडलं. १८६३ मध्ये मिझुरीकडून आलेल्या टोळीनं, आज जिथं कॅन्सस विद्यापीठ आहे त्या लॉरेन्स गावावर हल्ला करून सुमारे दीडशे माणसं मारली. पुढं १८९१ पासून तेच वैर फुटबॉलच्या मैदानावर उतरलं. वैर म्हणा, पण दोन राज्यांच्या रेषेवर वसलेल्या कॅन्सस सिटीत एकाच घरात दोन्ही रंगांचे शर्ट असत.

मिझुरीनं गट बदलला आणि २०११ नंतर फुटबॉलची ही लढत बंद पडली. कुठल्या पाठीराख्याला कोणी विचारलं नाही. ६ सप्टेंबर २०२५ रोजी, चौदा वर्षांनी, दोन्ही संघ पुन्हा समोरासमोर आले. मिझुरीच्या कोलंबिया गावातलं मैदान खचाखच भरलं. मिझुरी ४२-३१ नं जिंकली.

टेक्सासचंही तसंच. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांची १८९४ पासूनची लढत २०११ नंतर गट वेगळे झाल्यामुळे थांबली. ती ३० नोव्हेंबर २०२४ रोजी परत झाली तेव्हा एक लाखाच्या वर लोक मैदानात होते. याच काळात ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची दरवर्षीची लढत मात्र २०२३ नंतर बंद पडली. ही दोन विद्यापीठं गाडीनं साधारण दीड तासाच्या अंतरावर आहेत.

म्हणजे शेजाऱ्याशी असलेली लढत बंद करून वाचवलेलं काहीच नाही. ती परत सुरू झाली की माणसं लगेच येतात.

ज्यांना टाकलं, त्यांनी काय केलं

वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट रडत बसले नाहीत. ते कोर्टात गेले. जाणाऱ्या दहा जणांनी गटाच्या मंडळावर मत द्यायचं की नाही, यावर पुलमनच्याच जिल्हा न्यायालयात नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल या दोघांच्या बाजूनं लागला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. गटाचं नाव, कारभार आणि शिल्लक निधीचा ताबा दोघांकडे आला. त्याच सुमारास कॉर्व्हॅलिसमध्ये सुमारे १६ कोटी डॉलर खर्चून मैदानाची एक बाजू नवीन बांधून तयार झाली होती. मोठ्या गटात राहणार या हिशेबानं काढलेलं काम, आणि उद्घाटनाच्या वेळी गट मोडलेला.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुलमनच्या पोरांनी, सोडून गेलेल्या सिअॅटलच्या वॉशिंग्टनला, त्यांच्याच शहरात २४-१९ असं हरवलं. त्या रात्री पुलमनमध्ये काय झालं असेल, त्याचा अंदाज सीमाभागात कोणालाही करता येईल.

पण पुढची गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब अर्धा राहील. गट टिकवायला फुटबॉलचे आठ सदस्य लागतात. तेव्हा या दोघांनी माउंटन वेस्ट या शेजारच्या छोट्या गटातून बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन दिएगो स्टेट आणि युटा स्टेट हे पाच जण फोडले. आठवा मिळेना म्हणून थेट टेक्सास स्टेटला घेतलं. फुटबॉल सोडून बाकी खेळांसाठी गोन्झागा आलं. १ जुलै २०२६ ही या नव्या पॅक-१२ ची तारीख. पाच जण गेल्यामुळे माउंटन वेस्टनं आपली भर करायला नॉर्दर्न इलिनॉयला फुटबॉलपुरतं घेतलं. इलिनॉय आणि माउंटन, काय संबंध? ज्यांना टाकलं त्यांनी आपल्याहून छोट्याला टाकलं. माणसं वाईट होती असं नाही. व्यवस्थाच अशी आहे की थांबणारा बुडतो.

आपण यातून काय घ्यायचं

आपल्या भागातली बरीच पोरं मास्टर्ससाठी अमेरिकेला जातात. त्यांच्या पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट: तिथल्या अनेक मध्यम आणि छोट्या सरकारी विद्यापीठांत क्रीडा विभागाचा मोठा खर्च विद्यार्थ्यांच्या सक्तीच्या शुल्कातून निघतो. मुलगा कधी मैदानावर गेला नाही तरी भरावं लागतं. प्रवेश घेताना फीच्या पावतीतली ही ओळ बघून घ्या.

दुसरी गोष्ट आपल्या मैदानांची. आपल्याकडे विद्यापीठांच्या स्पर्धा विभागवार होतात. महाराष्ट्र-गोवा पश्चिम विभागात, कर्नाटक दक्षिण विभागात. कोल्हापूर आणि बेळगाव शंभरेक किलोमीटरवर, पण त्यांच्या विद्यापीठांचे संघ वेगळ्या विभागात खेळतात. आपल्याकडे टीव्हीचा पैसा नाही, म्हणून तो वाद नाही. पण रेषा आखणाऱ्याला प्रेक्षक दिसत नाही, हे दोन्हीकडे सारखंच. कोल्हापूर-बेळगाव असा कबड्डीचा किंवा कुस्तीचा दरवर्षीचा ठरलेला सामना असता, तर मैदान भरायला जाहिरात लागली असती का?

पुढं कशाकडे बघायचं

तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, यूसीएलए आणि पासाडेना यांच्यातल्या वादाचा शेवट. त्यावरून कळेल की जुन्या करारांना या बाजारात किती किंमत उरलीय. दुसरी, नव्या पॅक-१२ च्या पहिल्या हंगामात पुलमन, कॉर्व्हॅलिस, बॉइझी इथली गर्दी. टेक्सास वगळता हा गट बऱ्यापैकी शेजारचा आहे. कमी टीव्ही पैशात, जवळच्या पाहुण्यांवर गट चालतो का, याची ती परीक्षा.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, २०३० च्या आसपास संपणारे टीव्ही करार. बिग टेनचा करार २०२९-३० च्या हंगामापर्यंत आहे, बिग-१२ चा २०३०-३१ पर्यंत. त्या वेळी पुन्हा गट मोडू शकतात. एसीसीनं फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांच्याशी मार्च २०२५ मध्ये तडजोड करताना आतल्या आतच पैशाची वाटणी बरीचशी टीव्ही प्रेक्षकसंख्येवर नेली. म्हणजे एका गटातही आता दोन वर्ग पडले. पुढच्या फेरीत आज आत असलेल्यांपैकीच कोणाला तरी बाहेर काढलं जाऊ शकतं.

मैदानावर येणाऱ्या माणसाला या वाटाघाटींत कुठेही खुर्ची नाही. पुलमनमधला तिकीटधारक, कॉर्व्हॅलिसचा हॉटेलवाला, उंच उडीची मुलगी, यांची मतं कुठल्या बैठकीत मोजली गेली नाहीत. २०३० च्या आधी निदान एवढं तरी ठरलं पाहिजे, की दीड-दोन तासांवरच्या शेजाऱ्याशी वर्षातून एक सामना कोणत्याही गटात गेलं तरी होणारच. यासाठी पैसा फार लागत नाही. वेळापत्रकातला एक शनिवार लागतो.